उजवा कांदा, हलका पाय

३ नोव्हेंबर, सोमवार

निषेध. मी, मुलुंड पूर्वेतल्या या दोन खोल्यांची एकमेव रहिवासी, सोसायटीची वेळेवर मेंटेनन्स भरणारी सभासद आणि रविवारच्या विनोदी सदराची लेखिका, माझ्याच स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीचा तीव्र शब्दांत निषेध नोंदवते. चहाची पावडर तिथं. मी इथं. मधलं अंतर पूर्वी हात वर केला की संपायचं. आता उजवा हात खांद्याच्या रेषेपाशी येतो आणि तिथंच थांबतो. पुढचं काम आमच्या टेबलावर होत नाही, म्हणतो. स्टुलावर चढले, डाव्या हातानं डबा ओढला, डबा झाकण वरच ठेवून खाली आला. पावडर सिंकमध्ये, केसांत, गळ्यात. चहा नाहीच. या प्रकाराची उच्चस्तरीय चौकशी व्हावी.

दुसरी तक्रार. लिहिताना हात भरून येतो, म्हणून गेल्या आठवड्याचं सदर फोनला तोंडी सांगितलं. त्या यंत्रानं 'खांदा' हा शब्द जन्मात ऐकलेला नसावा. काल छापून आलं: "चार महिने झाले, माझा उजवा कांदा दुखतोय. त्या कांद्यावर कूस करून झोपता येत नाही." संपादकांना वाटलं महागाईवर आहे. एरवी कुत्रं विचारत नाही, आज तिघांचे मेसेज. किती मार्मिक, म्हणे.

ठीक. आजपासून त्याचं नाव कांदा. उ. कां.

ही वही मात्र पेननंच. चार ओळी लिहायच्या, हात मांडीवर सोडायचा, शिव्या घालायच्या, पुढच्या चार ओळी.

५ नोव्हेंबर, बुधवार

उ. कां. जैसे थे.

सकाळी परब काकी आल्या. समोरचं दार. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, मुलगा वाशीला. माझा हात मागे कंबरेपर्यंतसुद्धा जात नाही, तेव्हा आतला हूक रोज सकाळी त्याच लावतात. लाजायचं वय गेलं. मी दार उघडते, पाठ करते, त्या हूक लावतात, केसांना क्लिप मारतात. माझ्या संसाराची सध्या एवढीच घडी नीट बसलेली आहे.

मोबदला ठरलेला नाही. मागणी मात्र ठरलेली.

"गो वसू, एक लाथ मारलंस तर तुझा काय जातला?"

काकींची कंबर धरलेली असते, उसण भरते. आणि मी पायाळू. जन्मताना डोकं न येता पाय आधी आले. अशा माणसाचा पाय दुखऱ्या पाठीला लागला की उसण उतरते, असं सगळं कोकण मानतं. काकींना हे कळलं कुठून? माझ्याच सदरातून! दोन वर्षांपूर्वी या खुळाची यथेच्छ टिंगल केली होती. काकींनी टिंगल तेवढी गाळली आणि पत्ता ठेवून घेतला.

"तूच लिवलंस मा पेपरात, मी पायाळू म्हणान?"

"काकी, तो विनोद होता."

"पाय तर खरो मा?"

नाही म्हटलं. रोज म्हणते. डॉक्टरकडे चला, म्हणते. त्या हूक लावतात आणि जातात.

८ नोव्हेंबर, शनिवार

अंधेरी. पेन क्लिनिक. मेलं नावच 'पेन'. आत गेलं की सुगंध, मंद बासरी, कोपऱ्यात बुद्ध. दुखणाऱ्या माणसाला बासरी ऐकवणारे कोण आहेत हे? मला माझ्या किंकाळीसाठी जागा हवी होती, तिथं बासरी.

डॉक्टर दिसलेच नाहीत. आधी काउन्सेलर. कोट घातलेली, माझ्या भाचीच्या वयाची. "मॅम, आपण तुमची पेन जर्नी समजून घेऊ." मी म्हटलं, मुलुंडहून अंधेरीला रिक्षानं आले, घाटातल्या एसटीत बसावं तशी. झाली जर्नी. तिनं ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं.

मग पॅकेजेस. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. प्लॅटिनममध्ये माझंच रक्त काढून, घुसळून, त्यातला लोण्याचा भाग मलाच टोचणार. मी विचारलं, माझ्या कांद्याला झालंय काय ते तरी आधी बघणार का कुणी? "ते कन्सल्टेशनमध्ये कव्हर होईल मॅम, पण आजच बुक केलं तर नेक ॲनॅलिसिस फ्री." भांड्यांच्या सेलमध्ये कढईवर झारा फुकट असतो, तशी मान.

हात न लावता निदान. हात न लावता किंमत. आणि मी ऐकत बसले, कारण बसलेली होते आणि उठायला खुर्चीच्या हातावर जोर द्यावा लागतो आणि तो उजव्याच बाजूला होता.

सगळ्यात राग कशाचा आला तर निघताना ती म्हणाली, "टेक केअर आँटी." मॅमची आँटी झाले, कारण सही केली नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घाटकोपरचे डॉक्टर. (पुढे डॉ. घा.) जुना दवाखाना, बाकडं, पंखा. बासरी नाही. माणूस मोजकं बोलतो, बहुतेक वेळा तेही नाही.

हात स्वतः धरून फिरवला. वर, बाजूला, मागे. मी ओरडले. ते म्हणाले, "इथंच ना?" आणि परत तिथंच नेला. याला म्हणतात तपासणी.

"फ्रोझन शोल्डर. शुगर आहे?"

"आहे."

"मग दोघं जोडीनं येतात बऱ्याचदा."

सांध्याच्या आवरणाला सूज, ते आखडून आवळत गेलंय. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, मग व्यायाम. व्यायाम केला नाही तर इंजेक्शन वाया. साखर काही दिवस चढेल, रोज तपासा, तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना आजच फोन करून ठेवा. सगळं पाच वाक्यांत. पॅकेज नाही.

"दुखेल का?"

"हो."

"किती?"

"लेखिका तुम्ही. तुम्हीच सांगा."

सांगते. सुई आत जाते तेव्हा एवढं नाही. आत गेल्यावर औषध जागा करायला लागतं, तेव्हा. लोकलच्या भरलेल्या डब्यात आणखी एक माणूस खांदा मारून घुसावा, नि तो डबा मी. चुकून खांदा लिहिलं. असू दे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

साखर: लाज वाटावी अशी.
उ. कां.: कालपेक्षा वाईट. डॉ. घा. ना फोन. "होतं एक-दोन दिवस. बर्फ लावा." ठेवला.
हूक: काकी.
लाथ: नाही.
चहा: बिनसाखरेचा. म्हणजे नाहीच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हात आज कानाच्या पाळीपर्यंत गेला. भिंतीवर बोटांनी चढायचं, कोळ्यासारखं. मी चढते, कोळी बघतो.

काकींचं आज वेगळं. हूक लावता लावता थांबल्या, दाराची चौकट धरून वाकल्या, तशाच राहिल्या. मी धरायला गेले, एका हाताने. दोन अपंग एका उंबऱ्यात. वरच्या मजल्यावरचे देशपांडे कुत्र्याला घेऊन उतरत होते, ते गुड मॉर्निंग म्हणाले.

मग कळलं. मार्गशीर्षात गावची जत्रा. देवीला नारळ, आणि रात्रभर दशावतार, जमिनीवर चटई टाकून. काकी लग्न होऊन मुंबईला आल्या तेव्हापासून एकही चुकली नाही म्हणतात. यंदा मुलगा तिकीट काढायला तयार नाही.

"झील म्हणता, आये, यंदा मोबायलात बघ. मोबायलात! राजा केदो, मोबायल केदो!" केदो म्हणजे केवढा.

आणि मग तेच. एक लाथ. अमावस्या जवळ आली, त्या दिवशी गुण जास्त.

मी ओरडले. चक्क. म्हातारीवर. म्हटलं, तुम्हाला काय झालंय ते तुम्हाला माहीत नाही, मला नाही, आणि लाथा कसल्या मागताय. त्यांनी हूक लावला. गेल्या.

काकींना माहीत नाही ते इथं लिहिते, कारण आज ते डोक्यातून जात नाही.

घाटकोपरची चाळ. मी अकरा वर्षांची. बाबा गिरणीत. कंबरेतून निघालेली कळ पायात उतरायची. डॉक्टर? घरात पायाळू पोरगी असताना? बाबा सतरंजीवर पालथे, मी त्यांच्या पाठीवर पाय ठेवून, सकाळी आणि दिवेलागणीला, आणि भोवती सगळी बायामंडळी. "मार गं, जोरात मार." बापाला लाथ मारायची, वर नमस्कार करायचा. खारीक मिळायची. चाळीतल्या बाकीच्या दुखऱ्या पाठीही माझ्याच वाट्याला. तो अख्खा पावसाळा असा गेला. मग बाबांची डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. चालता चालता मागे राहायची. चप्पल सैल झाली, म्हणाले सगळे. नवी आणली. तीही निसटली.

दवाखान्यात नेलं तेव्हा नस दबून पाय लुळा पडलेला. शेवटपर्यंत तो पाय ओढत चालले. फर्रर्र असा आवाज यायचा जिन्यात, त्यावरून कळायचं बाबा आले.

आणि लोक मला म्हणतात, एक लाथ मार, तुझं काय जातं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काकी रोज येतात. हूक लावतात. क्लिप मारतात. लाथेचं नाव काढत नाहीत. गेले तीन दिवस एक अक्षर नाही.

हे भयंकर आहे. भांडणाऱ्या माणसाशी मला वागता येतं. हूक लावून गप्प निघून जाणाऱ्याशी कसं वागायचं? आज कुर्ता पुढून बटणांचा घातला, म्हटलं सुटू या कटकटीतून. आतला हूक तरी होताच. गेले समोर, पाठ केली. लाचार.

म्हटलं, "काकी, शनिवारी घाटकोपरला येता? तपासून तर घ्या."

क्लिप मारता मारता: "सुई टोचतलो?"

"गरज पडली तर."

"मगे लाथ मारशीत?"

मी काही बोलले नाही. काकींनी ते हो धरलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

काकींना घेऊन डॉ. घा. सगळं लिहायचंय, हात साथ देतोय तोवर.

रिक्षात काकी म्हणाल्या, "हो डॉक्टर पायाळू आसा काय गो?" म्हटलं, विचारा. विचारलं! तपासणीच्या टेबलावर चढता चढता. डॉ. घा. नी हातोडी खाली ठेवली. "मी सीझरनं झालो, काकू. ते कशात बसतं?" काकींनी गंभीरपणे विचार केला. "तां कशातच नाय." डॉक्टर पहिल्यांदा हसले. मी इतके पैसे मोजून कधी हसवू शकले नाही या माणसाला.

मग पाय सरळ उचलून बघितला. गुडघ्याखाली हातोडी. मग म्हणाले, "आता टाचांवर चालून दाखवा. चवडे वर." काकी चालल्या, पदर खोचून, बदकासारख्या. "आता चवड्यांवर." चालल्या.

"चालताना चप्पल पायातून निसटते? आपोआप?"

"नाय बा."

एवढंच. विचारलं आणि पुढे गेले. मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या तक्त्याकडे बघत उभी. एक प्रश्न. एक साधा, फुकटातला प्रश्न. सगळी चाळ, सगळ्या बाया, सगळ्या खारका, आणि तो एक प्रश्न कुणाला सुचला नाही. चप्पल बदलली.

नस दबलेली नाही, म्हणाले. स्नायू गोळा होऊन बसलेत. अंगठ्यानं कमरेजवळ दाबत गेले, एका जागी काकी किंचाळल्या, "थयच, थयच मेल्या!" पेनानं खूण केली. दुसरी गाठ खाली. दोन्हीत बधिर करायचं औषध, बारीक सुईनं. सुई गाठीत गेली तसं मांस टचकन उडालं. मी पाहिलं. काकी म्हणाल्या, "बाहेर पडला काय ता?"

"काय?"

"आतला."

"पडलं थोडं," डॉ. घा. म्हणाले. "उरलेलं तुम्ही व्यायाम करून पाडायचं."

मला हा माणूस आवडायला लागलाय. रागवायला आता जागा कुठली शोधायची?

२३ नोव्हेंबर, रविवार

जागा सापडली.

आईला फोन. आई बोरिवलीला दादाकडे असते, ब्याऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून. कालचा तो प्रश्न डोक्यात, म्हणून विचारलं, बाबांची चप्पल निसटायची तेव्हा तुम्हाला कुणालाच काही वाटलं नाही?

"तेव्हा कुणाला कळत होतं गं. आणि खरं सांगू? मला अजून वाटतं. दादाचा पाय लागला असता ना त्यांना, तर गुण आला असता."

"दादाचा का?"

"अगं, पायाळू तो ना."

फोनमध्ये तिच्याकडची भजनं ऐकू येत होती.

"मग मी?"

"तू कसली पायाळू! तू डोक्याकडून, सरळ. सुईण म्हणाली पण, कसली घाई आहे हिला."

"आई, चाळभर लाथा मी मारल्या."

"दादा तयार नसायचा. रडायचा. आणि लोकांची दुखणी उतरवायची म्हणजे ती आपल्या अंगावर घ्यायची, असं म्हणायचे तेव्हा. मुलाच्या अंगावर कशाला? म्हणून तुला पुढं केलं. मुलीचा पाय हलकाही असतो."

हे ती मला असं सांगत होती जसं कुणी सांगतं, भाजीत गूळ मीच घालायचे, तुला माहीत नव्हतं?

फोन ठेवला. ठेवला म्हणजे काय, आपटायची सोय राहिलेली नाही. लाल गोळ्यावर बोट दाबलं. जुने फोन बरे होते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मुलाच्या अंगावर कशाला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

साखर उतरली. राग नाही.

हिशेब असा: मी पायाळू नाही. पायाळू हे काही नसतंच असं मी छापून सांगितलं, आणि जे काही नसतंच ते मी मुळात नव्हतेच. माझ्याच टिंगलीची वाट लागली. आणि वर बाबा बरे झाले नाहीत याचं आईकडे चाळीस वर्षं कारण तयार आहे: पाय चुकीचा होता. डॉक्टर नव्हे. पाय! माझा!

उ. कां. चं निदानही यात आलंच. चाळभराच्या पाठी घेतल्यात अंगावर, कुठं तरी बाहेर पडणारच. डॉ. घा. ना कळवलं पाहिजे.

दादाला फोन.

"दादा, पायाळू तू आहेस."

"हो."

"हो? तुला माहीत होतं?"

"तुला नव्हतं? मला वाटलं तुला आवडतं. सगळे तुला खारका द्यायचे. मला एकदाही नाही मिळाली."

चाळीस वर्षांचं दुःख कुणाला तर याला. खारकेचं.

म्हटलं, मग ये रविवारी मुलुंडला. अस्सल आहेस. परब काकींच्या पाठीला पाय लाव, ये.

"अगं, गुडघ्यात जेलचं इंजेक्शन घेतलंय परवाच. जिना उतरवत नाही. लाथ कसली मारतो."

अस्सल पायाळू बोरिवलीत गुडघा धरून बसलाय. यावर सदर लिहिता आलं असतं. लिहिणार नाही. लोक म्हणतील, किती मार्मिक.

२९ नोव्हेंबर, शनिवार

काकी वाकून झाडू मारताना दिसल्या, जिन्यात. व्यायामही करतात, भिंतीला टेकून, डॉ. घा. नी कागदावर चित्र काढून दिलंय ते दाराला चिकटवलंय, गणपतीच्या शेजारी. मुलाला हे कळलं, तिकीट काढलं. दहा डिसेंबरची गाडी.

म्हटलं, झालं ना. सुईनं काम केलं.

"सुयेन दुखणा गेला. भय नाय गेला."

"कसलं भय?"

"रातभर बसान बघूचो असता. मधीच उसण भरली तर माका उचलतलो कोण? तू थय आसशीत?"

मी नसेन. खरं आहे.

मग त्या म्हणाल्या, डॉक्टरकडे चल म्हणालीस, आले. सुई घे म्हणालीस, घेतली. माझां एक तू ऐकतंस काय?

मी सांगणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. काकी, मी पायाळू नाही, कधीच नव्हते, घरच्यांनी खोटी पोरगी उभी केली होती. सांगितलं असतं तर प्रश्नच मिटला असता. काकींनी मला हुकासकट सोडून दिलं असतं.

सांगितलं नाही. का ते माहीत नाही. चहा ठेवला. पावडर आता खालच्या फळीवर.

३ डिसेंबर, बुधवार

डॉ. घा. हात बाजूनं बराच वर. मागे अजून नाही, कंबरेच्या वर जात नाही. "मागचं सगळ्यात शेवटी सुटतं. कदाचित थोडं राहीलही."

"अजून एक इंजेक्शन?"

"आत्ता नाही. महिनाभर व्यायाम. मग बघू. तुमची साखर बघून." दुसरं द्यायचं की नाही, त्यांचंही ठरलेलं नाही. निदान ठरलेलं नाही असं तोंडावर सांगतात.

निघताना सहज विचारलं. म्हणजे सहज दाखवून. "त्या काकूंच्या पाठीला, स्नायूला, हलकासा पाय लावला तर काही बिघडेल?"

चष्म्यावरून बघितलं. "नाचणार आहात?"

"नाही. ठेवायचा फक्त."

"ठेवा."

पुढचा पेशंट आत आला.

६ डिसेंबर, शनिवार

आईनं फोन केला. मी उचलला नाही. मग उचलला. म्हणाली, त्या दिवशी रागावलीस का. म्हटलं हो. म्हणाली, बरं. मग भाजीचे भाव, दादाचा गुडघा, दादाच्या सुनेचं काय काय. शेवटी: "तुझा खांदा कसा आहे?"

"कांदा."

"काय?"

"बरा आहे."

माफी वगैरे काही नाही. ती मागणार नाही, तिला ते मागण्यासारखं वाटतच नाही. मी थांबलेय का त्यासाठी? कागदावर 'नाही' लिहिलं आणि खोडलं.

९ डिसेंबर, मंगळवार

काकी उद्या निघणार. सकाळी नेहमीसारख्या दारात. हातात घडी केलेली चटई. काही बोलल्या नाहीत, चटईच बोलत होती.

मी दार लोटलं. देशपांडे आणि त्यांचं कुत्रं जायचं होतं अजून.

"थय नाय," काकी म्हणाल्या. "उंबऱ्यात." म्हणून दार परत उघडलं. चटई उंबऱ्यापाशी. काकी पालथ्या झाल्या, हळूहळू, आधी गुडघे, मग कोपर, मग गाल. साडीच्या निऱ्या नीट केल्या. मान वळवून सांगितलं, पाय लागताना बोलूचा नाय. तीनदा ठेव. उठासर बोलूचा नाय.

एवढ्या वर्षांत कुणाच्या पाठीवर पाय ठेवला नव्हता. पाठ आता वरून वेगळी दिसते. लहान होते तेव्हा पाठ जमिनीएवढी वाटायची.

तोल सांभाळायला चौकट धरली, उजव्या हातानं, वरची, सवयीनं. कळ आली, शिवी ओठांवर आली, बोलायचं नाही म्हणून गिळली. मग पाय ठेवला. डॉ. घा. नी पेनानं खूण केली होती साधारण त्या जागी. खूण गेली होती धुऊन. ठेवला, उचलला. ठेवला, उचलला. तिसऱ्यांदा जरा ठेवूनच दिला. काकींचा श्वास पायाखाली वरखाली होत होता.

देशपांडे जिन्यात येऊन थांबले. कुत्रंही. मी त्यांच्याकडे बघितलं, ते परत वर गेले.

काकी उठल्या. आधी कोपर, मग गुडघे. चटई गुंडाळली. मी वाकून नमस्कार केला, तेवढी रीत आठवत होती. कमरेवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या, इकडे वळल्या, तिकडे वळल्या, आत काहीतरी ऐकत असल्यासारख्या.

"केदो जड गो तुझो पाय," म्हणाल्या.

मी पाठ केली. त्यांनी हूक लावला.